विकाऊ रंग

"गाडीला फुल पेंट मारायचे किती घ्याल?" असं विचारत कोणी आमच्या शेडमध्ये आलं, की आकडा सांगायच्या आधी मी एक उलटा प्रश्न विचारायचो. "गाडी ठेवायचीय की विकायचीय?"

बहुतेक लोक खोटं सांगायचे. "छे हो, घरचीच गाडी आहे, ठेवायची आहे," असं म्हणायचे आणि लगेच पुढे जोडायचे, "तरी फार खोलात जाऊ नका. वरून छान दिसली म्हणजे झालं." त्या 'तरी'वरून मला कळायचं, की महिन्याभरात गाडी दुसऱ्याच्या दारात उभी असणार. मग मी विकाऊ कामाचा भाव सांगायचो.

आमची शेड घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या चढावर होती. शेड म्हणजे चार खांब, वर सिमेंटचे पत्रे आणि तिन्ही बाजूंनी गोणपाट. त्याआधी मी विक्रोळीच्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांना रंग मारायचो. कपाट एका जागी उभं असतं. गाडी ऊन खाते, पाऊस खाते, खड्ड्यांतून रोज हादरते, आणि समुद्राजवळ राहत असेल तर खारं वारंही खाते. कपाटावर चालणारा रंग गाडीवर का टिकत नाही, हे समजायला मला दोन वर्षं लागली. समजावलं ते युसूफभाईने. तो डेंटर, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा आणि सडलेला पत्रा कापून नवा जोडणारा. रत्नागिरीकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, बोलायला कमी. शेड आम्हा दोघांची होती. पत्रा त्याचा, रंग माझा.

लोकांना वाटतं, गाडी रंगवणं म्हणजे गनने फवारा मारणं. ते काम एका दिवसाचं. खरं काम त्याच्या आधीचं असतं. जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडायचा. गंज घासायचा, जिथे पत्रा सडलाय तिथे कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. मग अस्तर, मग पुट्टी, जिला आम्ही लांबी म्हणतो. लांबीचा पातळ हात, वाळली की पाण्याचा पेपर घेऊन घासायची, पुन्हा हात, पुन्हा घासायची. पंधरा-वीस दिवस बोटांची सालं निघेपर्यंत घासल्यावर रंगाचे चार-पाच हात मारायचे आणि शेवटी पॉलिश. अशा कामाचे मी त्या काळात साडेचार हजार घ्यायचो. विकाऊ काम पंधराशेत व्हायचं, चार दिवसांत. रंगाचा डबा दोन्ही गाड्यांना तोच, गनही तीच. मधले तीन हजार जायचे ते फक्त घासण्यात, आणि घासलेलं कोणाला दिसत नाही.

ओळखायचं कसं, असं लोक अजूनही विचारतात. बोटाच्या पेराने टकटक करा. पत्रा वाजतो, लांबी मुकी राहते. मुलुंडहून एक निवृत्त इंजिनिअर यायचे, ते रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक रुमालात बांधून आणायचे. गाडीवरून रुमाल फिरवत जायचे आणि जिथे पकड सुटेल तिथे थांबून माझ्याकडे बघायचे. त्यांच्या गाडीला मी कधी जाड लांबी लावली नाही. भीतीनेच नाही लावली, हे कबूल करायला हरकत नाही. त्यांचेच एक शेजारी होते, ते कागदात गुंडाळून एक आवळा घेऊन आले. गाडी हुबेहूब या रंगाची पाहिजे म्हणाले. मी तीन डबे मिसळून दिवसाउजेडी रंग जुळवला. चौथ्या दिवशी ते गाडी न्यायला आले आणि आवळा गाडीला लावून म्हणाले, "परब, तुमचा रंग चुकला." आवळा तोवर पिवळट तपकिरी झाला होता. त्यांना हे पटवायला मला बाजारातून दुसरा आवळा आणायला लागला.

पण अशा गिऱ्हाइकांवर शेड चालत नव्हती. शेड चालायची नवीनभाईंवर. ते जुन्या गाड्यांचे दलाल. महिन्याला त्यांच्या तीन-चार गाड्या माझ्याकडे यायच्या, त्या सगळ्या विकाऊ कामाच्या. माणूस हसरा, शब्दाचा पक्का, पैसे हातावर ठेवणारा. त्यांच्याविषयी मी वाईट लिहिणार नाही. ते मला जे करायला सांगायचे, त्याला मला नाही म्हणता आलं असतं.

एका जूनमध्ये त्यांनी वर्सोव्याकडची एक पद्मिनी गाडी आणली. क्रीम रंगाची, दहा-बारा वर्षं समुद्रासमोर उभी राहिलेली. युसूफभाईने आतल्या चटया उचलल्या आणि स्क्रू-ड्रायव्हरने खालचा पत्रा टोचला. स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला.

"परब, पायाखालचा पत्रा गेलाय," तो म्हणाला. "कापायला लागणार."

"किती दिवस?"

"आठ. बाकीचं धरून पंधरा."

नवीनभाई बाजूलाच उभे होते. ते हसले. "अरे, गाडी कोण उलटी करून बघतो? शुक्रवारी पार्टी येणार आहे. आकाशी रंग मार. आकाशी रंगाची गाडी बायकांना आवडते, बायकांना आवडली की नवरे घेतात."

युसूफभाई हात पुसून चहाला निघून गेला. त्याने वाद घातला नाही. मी काय केलं ते सांगतो. भोकांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. दरवाजाखालच्या पट्ट्यांना बारीक जाळी लावून वर लांबी ओढली. पेडलपाशी, जिथे पाय टेकतात तिथे भोक मोठं होतं. तिथे तेलाच्या डब्याचा पत्रा कापून लांबीने चिकटवला. खालून डांबरासारखा काळा थर दिला, वरून चटई अंथरली. मग आकाशी रंग मारला. गुरुवारी संध्याकाळी गाडी अशी चमकत होती, की बाजूच्या गॅरेजवाले बघायला आले. मला अभिमानही वाटला. त्या कामालाही कसलेला हात लागतो. सडलेल्या गाडीला चार दिवसांत नवरी करणं सगळ्यांना जमत नाही.

नवीनभाईंनी गाडी नेली. कोणी घेतली ते मी विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती.

दिवाळी होऊन गेली आणि नोव्हेंबरात एका सकाळी तीच गाडी आमच्या शेडपुढे येऊन थांबली. छपरावर आता 'एल'ची लाल पाटी होती. चालवत होती एक पन्नाशीची बाई. चष्मा, सुती साडी, पायात पुरुषी सँडल. उतरली आणि सरळ माझ्याकडे आली.

"पेंटर तुम्हीच का? मी वाघमारे. मोटर ट्रेनिंगचा क्लास आहे माझा, भटवाडीत. फक्त बायकांना शिकवते."

नंतर तिच्याकडूनच कळलं ते असं. नवरा ट्रक चालवायचा. हौसेने त्याने बायकोला गाडी शिकवली. तो गेल्यावर तिने हातात आलेल्या पैशांतून ही गाडी घेतली, तिला दुहेरी ब्रेक-क्लच बसवून घेतले आणि क्लास काढला. त्या काळात आमच्या भागात गाडी शिकणारी बाई दिसली तर लोक फुटपाथवर थांबून बघायचे. हिच्याकडे आठ जणी शिकत होत्या.

"हे बघा," म्हणून तिने दार उघडलं. चटई काढलेली होती. पेडलपाशी माणसाचा पंजा जाईल एवढं भोक, आणि त्यातून खालचा रस्ता दिसत होता. कडेला वर्तमानपत्राचा ओला बोळा लोंबत होता. तेलाच्या डब्याचा पत्रा एका बाजूने अजून चिकटलेला होता, त्यावर डब्यावरचा पिवळा रंगही होता.

"माझ्याकडे एक मुलगी शिकतेय, कुसुम. बालवाडीत कामाला आहे. शाळेची व्हॅन चालवायचीय म्हणते. या इथेच चढावर क्लच दाबला आणि टाच खाली गेली. पाय घोट्यापर्यंत बाहेर. ती किंचाळली, दुसरा पाय अॅक्सिलेटरवर. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून वाचलो. पुढे भाजीची हातगाडी होती, तिला लागून थांबलो. घोट्याला पत्र्याने कापलं. सात टाके पडले."

मी भोकाकडे बघत राहिलो. मागे युसूफभाईची हातोडी चालू होती, ती थांबली.

"हे कोणी केलं असेल हो?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "अशी कामं सगळीकडे होतात. मालाडला होतात, कुर्ल्याला होतात."

हातोडी पुन्हा सुरू झाली. आधीपेक्षा जोरात.

"बरं, नीट करायचं तर किती?"

मी मनात हिशेब केला आणि फक्त पत्र्याचा आणि वेल्डिंगच्या गॅसचा खर्च धरला. माझी मजुरी धरायची हिंमत झाली नाही. "हजार द्या," म्हणालो.

वाटलं, बाईला बरं वाटेल. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"दोन ठिकाणी विचारून आलेय. एकाने पाच हजार सांगितले, एकाने साडेचार. तुम्ही हजार म्हणता. का?"

"तसंच..."

"तसंच नसतं, पेंटर. स्वस्तातलं काम काय असतं ते मी आता बघितलंय. पुन्हा कागद भरणार आहात का?"

गोणपाटाच्या पलीकडून रिक्षा जात होत्या. मला खरं तर भाव वाढवून सांगता आला असता. 'चुकलो, चार हजार होतील' म्हटलं असतं, तर तिने कदाचित मानलंही असतं. ते सुचलं होतं, हे लिहून ठेवतो. पण तोंडून दुसरंच निघालं.

"बाई, ही गाडी मीच रंगवलीय. जूनमध्ये. कागदही मीच भरले, डब्याचा पत्राही मीच लावला. म्हणून हजार म्हणालो."

मला वाटलं, ती ओरडेल, माणसं गोळा करेल, पोलिसांचं नाव काढेल. ती गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत असणार, अजून कुठे कुठे आहे."

"हो."

"दाखवा."

तिच्या पर्समध्ये खडू होता. रस्त्यावर चौकोन आखून ती बायकांना पार्किंग शिकवायची. तो खडू तिने माझ्या हातात दिला. मी आकाशी रंगावर पांढरे गोल काढत गाडीभोवती फिरलो. डाव्या दाराखाली दोन, उजव्या दाराखाली तीन, पुढच्या मडगार्डच्या कडेला एक. आत पुढच्या सीटखाली एक, मागच्या सीटच्या पायाखाली दोन्ही बाजूंना, दोन्ही हेडलाइटच्या मागे. चार दिवसांत झाकलेलं सगळं मला नीट आठवत होतं. ती माझ्या मागून चालत होती आणि प्रत्येक गोलावर पेराने टकटक करून बघत होती.

"अकरा," मी म्हणालो. "झाले."

"बारा," युसूफभाई जागेवरून म्हणाला. "डिकीचा तळ राहिला."

तो गोल तिने माझ्या हातून खडू घेऊन स्वतः काढला.

मग तिने अटी घातल्या. सामानाचे पैसे ती देणार. युसूफभाईची मजुरी पूर्ण देणार, कारण त्याने जूनमध्येच कापायला सांगितलं होतं. हे त्यानेच तिला ऐकवलं, माझ्यासमोर. माझी मजुरी ती देणार नाही; त्याऐवजी कुसुमला ती पुन्हा पहिल्यापासून फुकट शिकवणार. "आणि माझ्या बायका इथे येऊन बघणार. चालवायच्या वस्तूच्या पोटात काय असतं ते त्यांना कळू दे."

गाडी बावीस दिवस आमच्याकडे होती. युसूफभाईने तळ जवळजवळ पूर्ण कापला. मी सगळा रंग खरवडला. माझा स्वतःचा आकाशी रंग, त्याखालचा क्रीम, त्याखालचं कंपनीचं अस्तर. आपलंच काम खरवडताना हाताला वेगळं लागतं. माझी लांबी काही ठिकाणी बोटभर जाड होती. ती ओल्या बिस्किटासारखी सुटून येत होती आणि खालून लाल पावडर सांडत होती.

दुसऱ्या आठवड्यात बायका आल्या, सहा जणी. साड्या वर खोचून त्या उघड्या गाडीभोवती उभ्या राहिल्या आणि मी त्यांना पत्रा, गंज, अस्तर, लांबी समजावत गेलो. त्यांनी प्रश्नही चांगले विचारले. एकीने विचारलं, "मग स्वस्तातलं काम ओळखायचं कसं?" मी पेराने वाजवून दाखवलं. एक तरुण मुलगी मागे स्टुलावर बसली होती. घोट्याला पांढरी पट्टी. सगळ्या युसूफभाईचं वेल्डिंग बघायला तिकडे गेल्या, तेव्हा ती लंगडत माझ्याजवळ आली.

"तुम्हाला माहीत होतं का?" तिने विचारलं. "तिथे कोणाचा तरी पाय पडणार, हे?"

मला सांगता आलं असतं, की नवीनभाईंनी घाई केली. किंवा वाटलं नव्हतं, इतक्या लवकर सुटेल. दोन्ही खरं होतं.

"माहीत होतं," मी म्हणालो. "कोणाचा ते माहीत नव्हतं."

तिने मान हलवली आणि स्टुलावर जाऊन बसली.

त्याच महिन्यात मी नवीनभाईंना सांगितलं, की रंग मारेन, पॉलिश मारेन, पण सडलेला पत्रा झाकणार नाही. ते रागावले नाहीत. "तू मोठा माणूस झालास," म्हणाले, हसले आणि गाड्या मालाडच्या एका पेंटरकडे न्यायला लागले. तिथेही त्या झाकल्या गेल्याच असणार. माझ्या नकाराने मुंबईतली एकही सडकी गाडी कमी झाली नाही. आमचं काम मात्र निम्म्यावर आलं. वाघमारेबाईंच्या ओळखीने काही गाड्या आल्या, त्यावर शेड जेमतेम तगली. युसूफभाई या विषयावर एकदाच बोलला. "आता झोप लागते का?" असं त्याने विचारलं. मी म्हणालो, झोप आधीही लागायची. ते खरंच होतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. विकाऊ कामं मी पुढेही केली. पातळ लांबी, दोनच हात रंग, दारांच्या आतल्या बाजू तशाच. गिऱ्हाइकाला तसं सांगून केली, एवढाच फरक.

गाडी तयार झाली त्या दिवशी बाई कुसुमला घेऊन आल्या. पट्टी निघाली होती, घोट्यावर लालसर वण होता. रंग आकाशीच ठेवला होता, बाईंना तो आवडत होता. त्यांनी बारा जागा वाजवून बघितल्या. सगळीकडे पत्रा वाजला. मग कुसुमला म्हणाल्या, "बस."

ती बसली नाही. दार धरून उभी राहिली. अपघातानंतर ती स्टिअरिंगवर बसलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. बाईंनी तिला आग्रह केला नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पेंटर, तुम्ही मागे बसा. पहिल्या फेरीला तुम्ही पाहिजे."

मी थिनरने हात पुसले आणि मागे बसलो. कुसुमने माझ्याकडे बघितलं. मग ती आत आली, चटई बाजूला केली, टाचेने पत्रा दोनदा ठोकला आणि चावी फिरवली.

शेकडो गाड्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या, पण मी रंगवलेल्या गाडीत बसायची वेळ क्वचितच आली होती. गाडी असल्फ्याचा चढ चढायला लागली. पुढे ट्रक होता, तो थांबला, आम्हीही थांबलो. चढावर थांबलेली गाडी पुन्हा सुरू करणं ही शिकणाऱ्याची खरी परीक्षा. कुसुमचे खांदे कानापर्यंत आले होते. बाई आपल्या ब्रेकवर पाय ठेवून शांत बसल्या होत्या. "क्लच अर्धा सोड. अजून थोडा. हां, आता दे रेस." गाडी एकदा दचकली, मागे हातभर सरकली, आणि मग पुढे निघाली. वर पोहोचल्यावर कुसुमने श्वास सोडला तो मला मागे ऐकू आला.

साकीनाक्याच्या वळणाआधी बाईंनी मागून येणारी रिक्षा बघायला मान वळवली आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी मागे पाठ टेकून, दोन्ही हातांनी सीट धरून बसलो होतो, आणि माझे पाय पत्र्यापासून वीतभर वर उचललेले होते. पत्रा नवा होता. युसूफभाईचं वेल्डिंग मी स्वतः बघितलं होतं, त्यावर अस्तर मी मारलं होतं. पाय कधी उचलले ते मला कळलंही नव्हतं.

"पेंटर," बाई म्हणाल्या, "पाय खाली ठेवा."